दोन मिडसाइझ सेडानमध्ये अडकलात? घेण्याआधी असं पडताळून बघा

गाड्यांची यादी मोठी असते तोवर काही त्रास नसतो. एकीची डिकी लहान, एकीचं सर्व्हिस सेंटर लांब, एक नुसती दिसायलाच आवडत नाही, असं करत करत बाकीच्या गळतात आणि शेवटी दोन उरतात, आणि मग खरी पंचाईत सुरू होते, कारण त्या दोघी इतक्या सारख्या असतात की घरात रोज तीच चर्चा होते आणि रोज निकाल वेगळा लागतो. पहिल्यांदाच फॅमिली सेडान घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गाड्यांमधलं फार काही कळत नसलं तरी चालेल, फक्त एक वही, एक मेजरिंग टेप आणि थोडा पेशन्स पाहिजे.

उदाहरणाला मी टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्ड ही जोडी घेतोय. अकॉर्ड १९७६ मध्ये आली, कॅमरी १९८२ मध्ये, आणि तेव्हापासून या दोघी एकमेकींच्या मागे लागलेल्या आहेत. तुमची जोडी दुसरी असेल तर नावं बदला, पद्धत तीच. आणि एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, अशा जुन्या प्रतिस्पर्धी गाड्या एकमेकींवर डोळा ठेवूनच बनवलेल्या असतात. सध्याच्या कॅमरीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २८२५ मिमी आहे आणि अकॉर्डचा २८३०. पाच मिलिमीटरचा फरक! त्यामुळे "कोणती चांगली" या प्रश्नाला उत्तर मिळतच नाही, दोन्ही चांगल्याच असतात. आपलं काम एवढंच की फरक नेमका कुठे आहे ते शोधायचं आणि तो फरक आपल्या घराला लागतो का ते बघायचं.

सुरुवात गाडीपासून नाही, घरापासून

शोरूमला जायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहा. गाडीत रोज किती जण बसणार आणि कोण कुठे बसणार. महिन्याला साधारण किती किलोमीटर होणार, त्यातले गर्दीतले किती आणि हायवेचे किती. डिकीत नेहमी काय जाणार, म्हणजे बाबागाडी, व्हीलचेअर, खेळाचं सामान, की कामाची हत्यारं. आणि गाडी उभी कुठे राहणार.

शेवटचं लोक हमखास विसरतात. कॅमरी साधारण ४.९२ मीटर लांब आहे, अकॉर्ड ४.९७ मीटर, म्हणजे छोट्या हॅचबॅकवरून येणाऱ्याला दोन्ही चांगल्याच लांब वाटणार. पार्किंगची जागा टेपने मोजा, आणि रुंदी मोजताना आरसे धरून मोजा, कारण ब्रोशरमधली रुंदी बहुतेक वेळा आरसे सोडून दिलेली असते. शिवाय दोन्ही बाजूंनी दार उघडून माणूस बाहेर निघेल एवढी जागा उरते का तेही बघा. मागचं दार अर्धंच उघडणार असेल तर म्हाताऱ्या माणसाला रोज त्या फटीतून बाहेर पडायचंय हे लक्षात घ्या.

तुलना मॉडेलची करू नका, व्हेरिएंटची करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो. "कॅमरी जास्त ॲव्हरेज देते की अकॉर्ड" हा प्रश्न अर्धवट आहे. कोणती कॅमरी, कोणती अकॉर्ड? एकाच मॉडेलचे खालचे-वरचे प्रकार असतात, त्यांनाच व्हेरिएंट म्हणतात.

अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेचे आकडे किलोमीटर-लिटरमध्ये बदलून सांगतो. २०२५ ची बेस कॅमरी, पुढच्या चाकांवर चालणारी एलई, एकत्रित धरून लिटरला साधारण २१.७ किमी. तीच कॅमरी, इंजिन तेच, पण चारही चाकांना ताकद देणारी वरची एक्सएसई घेतली की साधारण १८.७. आता अकॉर्ड हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली) बघा, ईएक्स-एल साधारण २०.४ आणि वरची टूरिंग परत १८.७ च्या आसपास. म्हणजे बघा, दोन कंपन्यांच्या जास्त ॲव्हरेजवाल्या व्हेरिएंटमध्ये फरक जेमतेम सव्वा किलोमीटरचा, आणि एकाच कॅमरीच्या खालच्या-वरच्या व्हेरिएंटमध्ये तीन किलोमीटरचा! लोक रात्र रात्र कंपनीवरून भांडतात आणि फरक असतो व्हेरिएंटमध्ये, कधी तर नुसत्या चाकाच्या साईजमध्ये.

हो, चाकाचाच. अकॉर्डच्या त्या दोन्ही व्हेरिएंटमध्ये इंजिन, मोटर, गिअरबॉक्स सगळं सारखं आहे. मोठा बदल म्हणजे खालच्याला १७ इंची चाकं आणि वरच्याला १९ इंची, शिवाय थोडं वजन. टायरच्या बाजूवर जो नंबर असतो तो वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. २२५/५० आर १७ म्हणजे टायर २२५ मिमी रुंद, त्याची उंची, म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५० टक्के, आणि रिम १७ इंचाची. भिंत झाली साधारण ११२ मिमी. आणि २३५/४० आर १९ असेल तर २३५ चे ४० टक्के म्हणजे ९४ मिमी. जवळजवळ दोन सेंटीमीटर रबर कमी. खड्ड्यात तेवढाच धक्का जास्त, रिम वाकायची भीती जास्त, टायर बदलायची वेळ आली की खर्चही बहुतेक वेळा जास्त. दिसायला १९ इंची चाकं भारी दिसतात, त्यात वाद नाही. पण फॅमिली गाडी असेल आणि रस्ते खराब असतील तर मी डोळे झाकून लहान रिमवालं व्हेरिएंट घेईन.

त्यामुळे वहीत दोन मॉडेलची नावं नकोत, दोन व्हेरिएंटची पूर्ण नावं लिहा, आणि ती सुद्धा तुमच्या बजेटमध्ये बसणारी. शोरूममध्ये दाखवायला उभी असते ती बहुतेक वेळा टॉप मॉडेल असते, सनरूफ, लेदर, मोठा स्क्रीन, सगळं ठासून भरलेली. तिच्यात बसून मन भरतं आणि बुकिंग मधल्या व्हेरिएंटचं होतं. "मी घेणार तेच व्हेरिएंट दाखवा" हे वाक्य पाठ करून जा.

ब्रोशरचे आकडे कसे वाचायचे

हॉर्सपॉवरवर लोक फार अडकतात. कॅमरी हायब्रिड पुढच्या चाकांवरची २२५ हॉर्सपॉवर, अकॉर्ड हायब्रिड २०४. कागदावर कॅमरी पुढे आहे, पण रोजच्या वापरात सिग्नल सुटल्यावर जो जोर जाणवतो तो टॉर्कचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या ताकदीचा, आणि तो किती लवकर मिळतो त्याचा. ओव्हरटेक करताना ६० वरून १०० ला जायला किती वेळ लागतो हे शून्य ते शंभरपेक्षा जास्त उपयोगाचं, कारण शून्यावरून पाय दाबून सुटणं फॅमिली गाडीत कधी होतं सांगा.

डिकीचे लिटर मात्र जपून वाचा. कॅमरीची डिकी सुमारे ४२७ लिटर, अकॉर्डची सुमारे ४७३, हे दोन्ही आकडे अमेरिकन पद्धतीने मोजलेले, म्हणून एकमेकांशी जुळवता येतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी वेगळी पद्धत आहे, तिथे २० बाय १० बाय ५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून मोजतात, एक ठोकळा बरोबर एक लिटर. अमेरिकेत ठरावीक मापांच्या बॅगा वगैरे भरून मोजतात. त्यामुळे एका गाडीचा आकडा या पद्धतीचा आणि दुसरीचा त्या पद्धतीचा असेल तर ती तुलना फुकट आहे. आणि लिटर सारखे असले तरी डिकीचं तोंड किती मोठं, खालची कड किती उंच, झाकणाचे वाकडे दांडे बंद करताना आत बॅगेवर येतात का, मागची सीट पूर्ण पडते की तुकड्यात, हे कुठल्याच आकड्यात येत नाही. सेडानमध्ये हा नेहमीचा घोळ आहे, आत जागा भरपूर आणि तोंड अरुंद. उपाय सोपा, घरातली सगळ्यात मोठी बॅग किंवा बाबागाडी शोरूमला घेऊन जा आणि स्वतः टाकून बघा. सेल्समनला विचित्र वाटेल, वाटू दे.

लेगरूमची, म्हणजे पाय ठेवायच्या जागेची, पण एक गंमत आहे. पुढची सीट किती मागे ढकलून मागचं माप घेतलंय त्यावर आकडा बदलतो, म्हणून पुढची आणि मागची लेगरूम दोन्ही मिळून बघा. अकॉर्डची पुढे १०७.४ आणि मागे १०३.६ सेंटीमीटर, कॅमरीची पुढे १०६.९ आणि मागे ९६.५. पुढे जवळपास सारखं, मागे सात सेंटीमीटरचा फरक, आणि हा फरक खरा आहे, बसल्यावर गुडघ्यांना लगेच कळतो. घरात उंच मुलं असतील किंवा मागे नेहमी मोठी माणसं बसणार असतील तर एवढ्या एका गोष्टीवर निर्णय होऊ शकतो. मागे फक्त दोन लहान पोरं बसणार असतील तर हा फरक सोडून द्या.

ॲव्हरेजच्या आकड्यात आणखी एक फसगत होते. लिटरला किती किमी, या आकड्यात १२ ते १५ आणि २० ते २३ दोन्हीकडे फरक तीनचाच दिसतो, पण पेट्रोल वाचतं ते सारखं नाही. दहा हजार किमीला १२ ने ८३३ लिटर लागतात आणि १५ ने ६६७, म्हणजे १६६ लिटर वाचले. २० ने ५०० आणि २३ ने ४३५, म्हणजे फक्त ६५. त्यामुळे दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज मुळातच चांगलं असेल तर एक-दोन किमीसाठी जीव काढू नका. आणि आकडा कुठल्या टेस्टचा आहे तेवढं विचारा, अमेरिकेची ईपीए, युरोपात वापरतात ती डब्ल्यूएलटीपी की आणखी काही, दोन वेगळ्या टेस्टचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. सगळे आकडे लॅबमधलेच असतात, रस्त्यावर कमी-जास्त होणारच.

इंजिन आणि गिअरबॉक्स, इथे खरा स्वभाव कळतो

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो कारण नावंच तशी आहेत. फार खोलात न जाता सांगतो.

साधं पेट्रोल इंजिन, म्हणजे टर्बो नसलेलं, एकसारखं ओढतं, हळूहळू ताकद वाढते. टर्बोमध्ये इंजिन लहान असतं पण हवा दाबून भरल्यामुळे कमी आरपीएमला चांगला जोर मिळतो, फक्त अगदी सुरुवातीला पाय दाबल्यावर क्षणभर थांबून मग झेप येते. अकॉर्डचं हायब्रिड नसलेलं व्हेरिएंट असं आहे, १.५ लिटर टर्बो, १९२ हॉर्सपॉवर, सीव्हीटी गिअरबॉक्ससोबत. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, आत एक पट्टा दोन पुलींवर सरकत राहतो. गर्दीत अगदी मऊ, झटका नाही. पण जोरात पाय दाबला की इंजिनचा आवाज आधी वर जातो आणि वेग मागून येतो, काहींना ते अजिबात सहन होत नाही, काहींना आयुष्यभर कळतही नाही. तुमची दुसरी गाडी ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची असेल तर ती गिअर पटकन बदलेल, हायवेला मजा येईल, पण मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये थोडी झटके देते का ते मुद्दाम बघा, आणि ड्राय क्लचवाली (क्लच तेलात नसलेली) असेल तर चढावर ब्रेक न दाबता नुसत्या एक्सलेटरवर गाडी धरून ठेवायची सवय सोडा, क्लच तापतो.

आता हायब्रिड. २०२५ पासूनच्या अमेरिकन कॅमरीत हायब्रिडशिवाय पर्यायच नाही, अकॉर्डमध्ये दोन्ही मिळतात. दोघी हायब्रिडच, पण आतून अगदी वेगळ्या. टोयोटात इंजिन आणि दोन इलेक्ट्रिक मोटर्स एका प्लॅनेटरी गिअर सेटने कायम जोडलेल्या असतात, कोणी किती काम करायचं ते कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ठरवतो. त्याला ई-सीव्हीटी म्हणतात, पण नाव वाचून दचकू नका, सीव्हीटीवाला पट्टा त्यात नसतोच. होंडात बहुतेक वेळ इंजिन फक्त जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेला एका वेगाने चालताना मात्र एक क्लच जोडला जातो आणि इंजिन थेट चाकांना भिडतं. म्हणून होंडा शहरात बरीचशी इलेक्ट्रिक गाडीसारखी चालते.

पण याचा घरच्या हिशोबाशी काय संबंध? संबंध आहे. शहरातले आकडे बघा, कॅमरी एलई साधारण २२.५, अकॉर्ड ईएक्स-एल २१.७, म्हणजे जवळपास सारख्याच. हायवेचे बघा, २१.३ आणि १८.७. एकत्रित आकड्यात हा फरक झाकून जातो. तुमचं सगळं चालवणं ऑफिस, शाळा, बाजार असं असेल तर दोन्ही सारख्या, आणि दर आठवड्याला लांब जायचं असेल तर कॅमरी पुढे. वहीत आधी गर्दी आणि हायवेचे किलोमीटर वेगळे लिहायला सांगितलं ते यासाठी. आणि हायब्रिडचा फायदाच मुळात ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत भरण्यात आहे, त्यामुळे रिकाम्या हायवेवर तो फायदा कमी होतो, दर वेळी हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे वसूल होतीलच असं नाही.

हायब्रिड बघताना दोन गोष्टी जाता जाता विचारा: बॅटरीची वॉरंटी किती वर्षं किंवा किती किमीची, आणि स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट. बऱ्याच गाड्यांमध्ये आता स्टेपनी मिळतच नाही आणि ते डिकीचं कार्पेट उचलेपर्यंत कळत नाही.

सेफ्टी: स्टार मोजू नका, तारीख बघा

"दोन्ही फाइव्ह स्टार आहेत" असं म्हणून लोक हा विषय संपवतात. पण टेस्ट दर काही वर्षांनी कडक होत जाते. युरो एनकॅप, म्हणजे युरोपात गाड्या आदळून सेफ्टी तपासणारी संस्था, १९९७ पासून निकाल देतंय, आणि तेव्हाचे चार स्टार आणि आताचे चार स्टार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून रेटिंग कुठल्या वर्षीचं, कुठल्या संस्थेचं आणि कुठल्या व्हेरिएंटचं हे तिन्ही बघायचं. एअरबॅग कमी असलेल्या व्हेरिएंटला टॉप व्हेरिएंटचे स्टार चिकटवून सांगणारे भेटतात.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही अशीच टेस्ट करणारी संस्था आहे, तिने २०१२ मध्ये एक टेस्ट आणली, गाडीच्या पुढच्या भागाचा फक्त २५ टक्के कोपरा ६४ किमी वेगाने आदळायचा. सुरुवातीला टेस्ट ड्रायव्हरच्या बाजूची होती, मग लक्षात आलं की काही कंपन्यांनी तीच बाजू मजबूत केलीय आणि शेजारची तशीच सोडलीय, म्हणून २०१७ मध्ये दुसऱ्या बाजूचीही टेस्ट सुरू झाली. आणि २०२२ मध्ये समोरच्या धडकेच्या टेस्टमध्ये मागच्या सीटवरही डमी बसवायला लागले, आणि पुढच्या माणसाला छान वाचवणाऱ्या काही गाड्या मागच्याला तितकं वाचवत नाहीत हे दिसलं. फॅमिली सेडान म्हणजे मागे मुलं आणि आईवडील, तेव्हा हा मागच्या सीटचा निकाल दोन्ही गाड्यांचा मिळाला तर तोच आधी वाचा. तुमच्या देशात विकली जाणारी गाडी आणि टेस्ट झालेली गाडी एकच आहे ना हेही विचारा, नाव सारखं असून आतून फरक असू शकतो.

स्क्रीनबद्दल एक सांगतो, माझं वैयक्तिक मत. वायपर, हॅझर्ड लाइट, एसीचं तापमान यांना खरीखुरी बटणं पाहिजेत. हे फक्त जुन्या माणसांचं रडगाणं नाही, युरो एनकॅपनेही २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे असण्याला गुण ठेवलेत. एसी कमी करायला रस्त्यावरून नजर काढून स्क्रीनमध्ये तीन वेळा बोट घालावं लागत असेल तर ती गाडी माझ्या यादीत खाली जाते.

उभ्या गाडीत अर्धा तास

टेस्ट ड्राइव्हच्या आधी गाडीत नुसतं बसा, आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. ड्रायव्हर सीट तुमच्या उंचीला लावा, मग उतरून स्वतःच्याच मागे जाऊन बसा. गुडघे, डोकं, आणि मांडीखाली सीटचा आधार, तिन्ही बघा. सनरूफवाल्या गाडीत छत थोडं खाली येतं, उंच माणसाचे केस छताला लागतात. मधल्या सीटवर कोणाला तरी पाच मिनिटं खरंच बसवा, खालचा उंचवटा पायात येतो का, पट्टा नीट लागतो का. आजी-आजोबांना चढउतार करून बघू दे, सेडान मुळातच खाली असते, गुडघे दुखणाऱ्याला उतरताना दाराच्या कडेला धरून उठावं लागतं, ते एकदा बघितलं की कोणती गाडी घ्यायची ते घरातच ठरून जातं.

चाइल्ड सीट वापरत असाल तर तीही न्या. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या, कड्या गादीत किती खोल दडल्यात ते हात घालून बघा. मागे तोंड करून लावायची सीट बसवल्यावर पुढची सीट किती पुढे घ्यावी लागते आणि मग तिथे मोठा माणूस बसू शकतो का, हा प्रश्न त्या सात सेंटीमीटर लेगरूमपेक्षाही पटकन निकाल लावतो.

टेस्ट ड्राइव्ह: दोघींना सारखाच पेपर द्या

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, शक्यतो एकाच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवल्या तर पहिलीचं काय आठवणार, नुसतं "छान होती" एवढंच. शोरूमवाल्यांचा ठरलेला गुळगुळीत रस्ता असतो, तो नको म्हणा, खराब रस्ता, स्पीडब्रेकर, चढ, यू-टर्न आणि हायवेचा एक तुकडा एवढं सगळं मागा.

निघायच्या आधी टायरमधली हवा बघायला सांगा, ही गोष्ट फारसं कोणी करत नाही. कारखान्यातून गाड्या बऱ्याचदा जास्त हवा भरून येतात, आणि डेमो गाडीत ती कोणी कमी केली नसेल तर चांगली मऊ गाडी सुद्धा दगडासारखी वाटते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर बरोबर आकडा लिहिलेला असतो, दोन्ही गाड्यांत तो करून घ्या, मगच सस्पेन्शनबद्दल बोला.

रेडिओ बंद. एसी फुल. सुरुवातीला मुंगीच्या चालीने चालवा, ब्रेक सोडला की गाडी कशी सरकते, परत ब्रेक लावताना शेवटच्या क्षणी धक्का बसतो का. हायब्रिडमध्ये मोटरचं ब्रेकिंग आणि खरे ब्रेक यांची अदलाबदल होते, ती काही गाड्यांत पायाला जाणवते. मग हायवेला १०० ला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज ऐका, मागच्या सीटवर बसलेल्याला विचारा पुढच्याशी बोलणं ऐकू येतंय का. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप वापरायचं तर एकच फोन, एकाच जागी, एकाच रस्त्यावर, आणि एवढं लक्षात ठेवा की डेसिबलमध्ये तीनचा फरक म्हणजे आवाजाची ताकद दुप्पट, त्यामुळे ६५ आणि ६८ सारखेच असं समजू नका. वळताना पुढच्या काचेच्या बाजूचा खांब पादचाऱ्याला लपवतो का, रात्री शक्य असेल तर हेडलाइट कसे पडतात, रिव्हर्स कॅमेऱ्याची काच ओली असताना त्यात नीट दिसतं का, हे सगळं भराभर बघून घ्या.

आणि थोडा वेळ दुसऱ्याला चालवायला देऊन स्वतः मागे बसा. अर्धं कुटुंब तिथेच बसणार आहे. मागे एसीच्या झडपा आहेत का, खिडकी पूर्ण खाली जाते का, खड्ड्यात मागचा माणूस उडतो का, हे ड्रायव्हरला कधीच कळत नाही.

घरी येण्याआधीच, गाडीतून उतरल्या उतरल्या, वहीत तीन ओळी लिहा. घरी पोचेपर्यंत सेल्समनचे फोन सुरू होतात आणि डोक्यातलं सगळं मिसळून जातं.

पैशाचा हिशोब पाच वर्षांचा लावा

शोरूमची किंमत म्हणजे फक्त सुरुवात. दोन रकाने करा आणि प्रत्येकात लिहा: टॅक्स-रजिस्ट्रेशनसकट शेवटची किंमत, कर्जाचं पाच वर्षांचं व्याज, पाच वर्षांचा विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग, एकदा चारही टायर. या बेरजेतून पाच वर्षांनी गाडी विकली तर किती येतील ते वजा करा. नवीन गाडीत बहुतेक वेळा सगळ्यात जास्त पैसे खातो तो हाच घसारा, म्हणजे गाडीची उतरलेली किंमत, पेट्रोल नाही, आणि नेमका हाच रकाना लोक रिकामा सोडतात. अंदाज काढायचा तर त्याच दोन मॉडेलच्या पाच वर्षं जुन्या गाड्या आज केवढ्याला विकायला लागल्यात ते बघा आणि त्या नव्या असताना केवढ्याला होत्या त्याच्याशी जुळवा. मधे मॉडेल बदललं असेल तर हा नुसता अंदाज, पण शून्यापेक्षा बरा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. वर्षाला १५,००० किमी धरा, २१.७ च्या ॲव्हरेजला ६९१ लिटर आणि १८.७ ला ८०२ लिटर. फरक १११ लिटर, पाच वर्षांत साडेपाचशेच्या आसपास. तुमच्याकडच्या भावाने गुणा आणि मग बघा की जास्त ॲव्हरेजवालीची जास्तीची किंमत त्यात वसूल होते का. अनेकदा होत नाही, आणि मग ती गाडी घ्यायची तर शांत चालते म्हणून घ्या, पैसे वाचतात म्हणून नको.

सर्व्हिसिंगचा खर्च शोरूमच्या विक्रीवाल्याला विचारू नका, त्याच इमारतीत मागे वर्कशॉप असतं, तिथल्या काउंटरवर विचारा. विम्याचे दोन्ही कोटेशन एकाच दिवशी, एकाच कव्हरचे मागा. पुढचा बंपर, हेडलाइट आणि काच बदलायला काय लागतं तेही विचारून ठेवा, आजकाल काचेच्या मागे आणि बंपरमध्ये कॅमेरे-रडार असतात, काच बदलली की ते परत कॅलिब्रेट करावे, म्हणजे नीट जुळवून घ्यावे लागतात आणि त्याचे वेगळे पैसे लागतात.

एवढं करून दोन्ही रकाने जवळपास सारखे आले तर आकडेमोड थांबवा. जी चालवताना आणि मागे बसताना घरातल्या जास्त लोकांना बरी वाटली ती घ्या, किंवा ज्या कंपनीचं वर्कशॉप जवळ आहे आणि फोन उचलतं ती घ्या. मी दुसऱ्या कारणाला जास्त वजन देतो.

बुकिंग ते डिलिव्हरी

बुकिंगच्या कागदावर व्हेरिएंटचं पूर्ण नाव, रंग, आणि कबूल केलेली प्रत्येक ॲक्सेसरी लिहून घ्या, तोंडी काही नको. दुसऱ्या शोरूमचं त्याच व्हेरिएंटचं लेखी कोटेशन खिशात असेल तर भाव करायला बरं पडतं. बुकिंग रद्द केलं तर पैसे किती आणि कधी परत, हेही त्याच कागदावर.

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी जा, रात्री ट्यूबलाइटखाली ओरखडे दिसत नाहीत. चॅसिस नंबर, तो १७ अक्षर-अंकांचा असतो, गाडीवरचा आणि कागदावरचा एकेक करून जुळवा. चारही टायरवर, आणि स्टेपनी असेल तर तिच्यावरही, चार आकडी कोड शोधा. ३१२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या ३१ व्या आठवड्यातला. चारमधला एखादा फार जुना निघाला किंवा वेगळ्याच कंपनीचा निघाला तर तिथेच विचारा, का बदलला. किलोमीटर किती झालेत बघा. दोन्ही किल्ल्या चालतात का, सगळ्या काचा खाली-वर होतात का, एसी, कॅमेरा, मागच्या सीटचे सगळे पट्टे ओढून बघा, डिकीचं कार्पेट उचलून खालची हत्यारं मोजा. तुम्ही मागितलेलं १७ इंची चाकांचं व्हेरिएंटच उभं आहे ना हे टायरवरचा नंबर वाचून खात्री करा, आणि मगच सही करा.